डब्यात उरलेली चावी

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, पण नदीच्या धक्क्यावरच्या या मिस्त्रीला लोक सरळ भिंगरीच म्हणत. उभ्यानं चहा, चालता चालता नाश्ता, आणि एक इंजिन उघडं पडलेलं असताना दुसऱ्याच्या स्क्रूला हात. कसब मात्र वादातीत. त्यामुळे काम संपल्यावर एखादा वॉशर, एखादी पिन उरली तरी कोणी ब्र काढत नसे. "कंपनीनं जास्तीची दिली," असं म्हणून तो ती पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि मोकळा व्हायचा. तीस वर्षांत तो डबा गच्च भरला होता. बायको त्या डब्याला 'तुमचा पराक्रम' म्हणायची.

सोमवारी सकाळी फोन वाजला. धाकटा भाऊ होता, अकरा वर्षांनी.

"दादा, रविवारी येतोय. अकराच्या गाडीनं." मग जरा थांबून म्हणाला, "ते इंजिन आहे का अजून?"

फोन ठेवला आणि भिंगरी फिरायला लागली. इंजिन होतं ना! शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, होडीमागे लावायचं ते जुनं इंजिन जाम होऊन पडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांची होडी माणसांना पैलतीरी न्यायची. त्या दिवशी सुकाणूवर धाकटा होता. भर पात्रात इंजिनानं आचके दिले आणि ते बंद पडलं. होडी वाहत जाऊन खडकांवर आपटली. माणसं वाचली, होडी गेली, इंजिन तेवढं हाती लागलं. या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. "गाढवानं तेल न घालताच टाकी भरली!" असं मिस्त्रीनं धक्क्यावर चारचौघांत ठणकावलं होतं. धाकटा शपथा घेत राहिला. पण तो आधीच विसराळू म्हणून प्रसिद्ध, त्याचं कोण ऐकणार? महिन्याभरात त्यानं गाव सोडलं.

"रविवारी त्याच्यासमोर सुरू करून दाखवतो," मिस्त्री बायकोला म्हणाला. "तेलही त्याच्यासमोरच मापून घालतो. कळू दे."

"अकरा वर्षांनी दीर येतोय माझा. त्याची परीक्षा घेणार तुम्ही?" असं म्हणून ती तांदूळ निवडायला लागली.

जाम झालेल्या इंजिनाला घाई चालत नाही, आणि इथं तर घाईच हातात पाना घेऊन उभी होती. प्लग काढून त्यानं आत डिझेल आणि पातळ तेल ओतलं. आता दोन दिवस ते मुरू द्यायचं. अर्ध्या तासात तो इंजिनाचं वरचं चाक फिरतंय का बघून आला. मग तासाभरानं. मग पाइपचा लांब दांडा शोधायला लागला. जोर लावला असता तर आतलं काहीतरी मोडलं असतं, हे तो दुसऱ्या कुणालाही शिव्या देऊन सांगायचा. बायकोनं दांडा उचलला आणि घरात कपाटामागे ठेवून दिला. बुधवारभर हा शेड ते घर, घर ते शेड. जेवताना म्हणाला, "त्यानं इंजिनाचंच का विचारलं? मी कसा आहे हे नाही विचारलं."

"तुम्ही तरी विचारलंत का?"

गुरुवारी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं आणि टक्कन चाक केसभर हललं. मिस्त्री लहान मुलासारखा ओरडला. दुपारपर्यंत पिस्टन बाहेर आला. आणि तिथं त्यानं आतला भाग उजेडात धरला. तेलाशिवाय चाललेल्या इंजिनाचं आतलं बेअरिंग कोरडं, निळं पडलेलं असतं. हे चिकट, काळपट तेलानं माखलेलं होतं. 'मीच ओतलेलं झिरपलं असेल,' त्यानं स्वतःला समजावलं आणि घाईनं नव्या रिंगा चढवल्या.

शुक्रवारी त्यानं खालचा पंप उघडला. नदीचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारी रबरी फिरकी त्यात असते. फिरकी त्यानंच बदलली होती, त्या अपघाताच्याच सकाळी. रबराच्या पाती जराही झिजलेल्या नव्हत्या. एक फेराही न फिरलेल्या. फिरकी दांड्याला जखडून ठेवणारा नखाएवढा लोखंडी तुकडा असतो, त्याला चावी म्हणतात. चावीची खाच रिकामी होती; दांडा फिरला होता, फिरकी जागच्या जागीच राहिली होती.

त्यानं डबा जमिनीवर उपडा केला. गुडघ्यांवर बसून तो ढीग चिवडत राहिला. चावी एकदाची सापडली. खाचेत ठेवली, चपखल बसली.

धक्क्यावरून होडी सुटताना धाकटा ओरडला होता, "दादा, मागून पाणी पडत नाहीये!" इंजिन थंड होतंय याची खूण म्हणून मागून पाण्याची धार पडते. आणि यानं हात उडवला होता, "मला शिकवू नकोस, जा!"

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बसवून टाका. सुरू करा. कुणाला कळणार आहे?" नवरा तोंडघशी पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

शनिवारी त्यानं चावी बसवली, पाण्याच्या पिंपात इंजिन सोडलं आणि दोरी ओढली. चौथ्या ओढीला ते धडधडलं. मागून पाण्याची सुरेख धार सुटली. शेजारचे बघायला आले. कुणीतरी म्हणालं, "वा भिंगरी! धाकट्यानं घालवलेलं तू जिवंत केलंस." मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. त्याला लाज वाटली.

रविवारी सकाळी बायको शेडमध्ये आली तर हा पुन्हा पंप खोलत बसला होता.

"अहो, चांगलं चाललेलं उघडलंत कशाला?"

"गाडी वेळेवर आहे ना?" एवढंच तो म्हणाला.

धाकट्याचे केस पांढरे झाले होते. वहिनीशी चार शब्द बोलून तो शेडच्या दारात आला. सुटे भाग पाहून हसला. "नाहीच झालं सुरू?"

"काल झालं."

"मग हे काय?"

मिस्त्रीनं त्याचा हात ओढला आणि तळव्यावर चावी ठेवली. "ही त्या दिवशी उरली होती. माझ्याकडून. मी डब्यात टाकली."

धाकटाही इंजिनांत वाढलेला. त्यानं चावी पाहिली, रिकामी खाच पाहिली. चेहरा हळूहळू लाल झाला. "मी तेल घातलं होतं, दादा."

"घातलं होतंस."

"पाणी पडत नाही म्हणून ओरडलो होतो. मला वाटायचं, इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल. अकरा वर्षं मी तेच धरून बसलोय."

इथं मान डोलावली असती तरी भागलं असतं. मिस्त्रीचे हात गप्प पडले होते.

"आलं होतं ऐकू," तो म्हणाला.