बाबा आणि माझा गोली

आज मोबाइलवर बातमी आली, माझा आवडता गोली निवृत्त झाला. बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षकाला गोली म्हणतात. बासरला कॉलेजात शिकताना मी त्याची एकही मॅच सोडली नव्हती. सगळे कोसळले तरी तो जाळीसमोर उभा राहायचा.

बातमी वाचली आणि आदिलाबादच्या दवाखान्यातली ती सकाळ, तो फिनाइलचा वास आठवला. इचोड्यात भाजी विकून मला शिकवणारे बाबा डोळे मिटून खाटेवर पडले होते. शेजारी मी मोबाइलवर मॅच पाहत होते. त्याने एक अशक्य गोल अडवला आणि मी ओरडले, “गोली! बाबा, गोली!”

आमच्याकडे औषधाच्या गोळीलाही गोलीच म्हणतात. बाबांनी डोळे न उघडता तळहात पुढे केला. “दे माय. कवाची वाट पाहून राह्यलो.”

मला हसू आवरेना. “दवाईची नाही बाबा, खेळातला!”

“असं व्हय,” तेही कसंबसं हसले. “पाह्य मंग, पाह्य तू.”

तिसऱ्या दिवशी ते गेले. कितीतरी दिवस मी तो किस्सा विनोद म्हणून सांगत होते. त्या सकाळी बाबांच्या गोळीसाठी नर्सला बोलवायला मी मॅच संपल्यावरच उठले होते.