लाल दोऱ्याची बिडी

आमगावच्या चैतराम बिसेनची बिडी सौंदडच्या बाजारापर्यंत खपायची, पण चैतराम कोण हे त्या बाजारात कुणालाही ठाऊक नव्हतं. कट्ट्यावरचा, म्हणजे बिड्यांच्या जुडीवरचा, कागद दुकानदार फाडून टाकी, बिड्या डब्यात मोकळ्या ओती, आणि गिऱ्हाईक त्यातल्या चार मागे, "लाल दोरावाली दे." बाकीच्यांचा दोरा पांढरा, याचा लाल. त्यामागे काही विचार होता असंही नाही. धंदा सुरू केला तेव्हा एका शिंप्याकडे लाल रिळं पडून होती, ती यानं उचलली होती. लोकांनी मात्र त्या दोऱ्यावर जीव ठेवला, आणि तेच चैतरामला टोचायचं.

"जवानी गेली बिडी बांधण्यात," तो बायकोला म्हणे, "अन् नाव कोनाचं? दोऱ्याचं!"

"बिडी तं खपून राहिली ना जी?" रुख्मा तेंदूपान कापता कापता विचारी. "नाव का चाटता?"

चैतरामला चाटायचंच होतं. छत्तीस साली तंबाखूच्या कामाला तो नागपूरला गेला, तेव्हा सीताबर्डीवर एका जिन्याशी त्याला पाटी दिसली: नंदलाल आणि मंडळी, जाहिरातकार. मंडळी म्हणजे स्वतः नंदलाल आणि एक चित्रकार, तोही अर्धा दिवस.

"आम्ही मोजकीच कामं घेतो, सेठ," नंदलाल म्हणाला. "एका धंद्यातला एकच माणूस. उगाच गर्दी नाही."

चैतरामला सेठ आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सौदा तिथेच झाला, पुढचं नुसतं बोलणं.

न्यायानं सांगायचं तर नंदलालनं त्याला फसवलं नाही. त्यानं विचारलं, काय हवं? चैतराम म्हणाला, नाव. मग नंदलालनं त्याला कोट चढवला, फेटा बांधला, फोटो काढला आणि हिरव्या शाईत छापून घेतला: 'चैतराम बिडी'. लेबल हिरवं, म्हणून दोराही हिरवा ठरला.

"लाल दोरा उद्या कुणीही आणेल," नंदलाल म्हणाला. "तुमचा चेहरा कोण आणणार?"

या बोलण्यात खोट सापडत नव्हती. शिवाय चैतरामला ती शोधायचीही नव्हती.

उरलेली लाल रिळं त्यानं मुन्नालालच्या अंगावर टाकली. मुन्नालाल त्याचाच माणूस, बाजारोबाजारी त्याचा माल पोचवणारा.

"घेऊन जा गा. आमाले कायले पाहिजे आता?"

"खरंच नेऊ का, भाऊ?"

"ने म्हनलं ना!"

मुन्नालाल आज्ञाधारक होता. त्यानं नेली.

मग भोंगेवाला फिरला. दुकानांत कॅलेंडरं लागली, त्यांवर लक्ष्मी मोठी आणि चैतराम कोपऱ्यात. नाव खरोखरच सगळ्यांच्या कानावर गेलं. गिऱ्हाईक ते ऐकून दुकानात येई आणि म्हणे, "लाल दोरावाली दे."

"आता हिरवी आली. तेच होय," दुकानदार सांगे.

"तेच असन तं दोरा काऊन बदलला?"

याचं उत्तर भोंगेवाल्याला शिकवलेलं नव्हतं.

होळीच्या सुमाराला बाजारात पुन्हा लाल दोरा दिसला. ती बिडी मुन्नालालची होती. पान जाड, तंबाखू कमी, ओढताना दोनदा विझायची. लोक ती पुन्हा पेटवत आणि म्हणत, बिडी असावी तर अशी.

चैतराम घाईघाईनं लाल दोऱ्यावर परतला. स्वतः टोपलं घेऊन सौंदडला गेला आणि गोवर्धन नावाच्या जुन्या गिऱ्हाइकापुढे कट्टा सोडला. गोवर्धननं बिडी उलटीपालटी केली.

"हे मुन्नालालची नकल होय."

"अगा, असली तं माझीच होय! तो माझा नौकर होता!"

"मंग मधात हिरवी काऊन केली होती? असलीवाला आपला दोरा सोडते का?"

भोवतीची माणसं हसली. चैतरामनं कट्टा पुन्हा बांधला आणि टोपलं उचललं.

पावसाळा संपता संपता भिंतींवर मोठाले कागद लागले. 'लाल दोरा एकच, मुन्नालालचा. आमगावच्या चैतरामच्या नकलेपासून सावधान.' खाली कोटफेट्यातला चैतराम. छपाई सुबक होती. चैतरामनं ती ओळखली आणि नागपूरची गाडी धरली.

नंदलालनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"एका धंद्यातला एकच म्हनत होते ना तुमी?"

"एकच आहे. तुमचं काम संपलं, मग त्यांचं घेतलं."

"अन् माह्या तोंडाचा फोटो?"

"ठसा आमच्याकडे तयार होता, सेठ. नवा कशाला करायचा?" नंदलाल जरा पुढे झुकला. "आणि रागावू नका, पण आता सौंदडात विचारून पाहा. तुमचं नाव माहीत नाही असा माणूस सापडणार नाही."

त्यानं कबूल केलेलं काम पुरं केलं होतं. चैतरामला त्याला शिवीसुद्धा धड देता आली नाही.

बिड्या बांधणाऱ्या बाया एकेक करून मुन्नालालकडे गेल्या. हिवाळ्यात मुन्नालाल स्वतः घरी आला, पूर्वीसारखा खाली बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी बांधा, मी विकतो. फक्त बाजारात तुमचं नाव काढू नोका."

रुख्मानं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनंच सूप पुढे ओढलं आणि पानं कापायला घेतली.

पुढच्या बाजाराला चैतराम मुन्नालालचा माल पोचवायला सौंदडच्या स्टेशनावर उतरला. भिंतीवरचा फेटेवाला आणि डोक्यावर टोपलं घेतलेला हा माणूस यांचा संबंध कुणी लावला नाही. एका म्हाताऱ्यानं टोपलं उतरवायला हात लावला.

"कुठले जी तुमी?"

"आमगावचा."

"नाव का?"

"दुलीचंद," चैतराम म्हणाला. "मुन्नालालसेठकडे काम करून राहिलो."

"चांगला धनी भेटला, बापू. तुमच्या गावात तो चैतराम हाय म्हन्तेत, त्याच्या नादी नोको लागजो."

"नाही लागत जी," चैतराम म्हणाला, आणि म्हाताऱ्याला त्यानं एक बिडी दिली.