बिनपालकाचे चिप्स

एकदा मी पालक चिप्समध्ये पालक टाकायलाच विसरलो. मूठभर मालात नव्हे, दिवसभराच्या मालात. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी क्वालिटीचा सुपरवायझर होतो, म्हणजे असं काही होऊ नये यासाठीच मला ठेवलेलं होतं.

सगळ्या कारखान्यात ती चूक एकाच माणसाने पकडली, तीही न चाखता. पॅकिंगच्या अक्कांनी.

अक्का करमाडहून एसटीने यायच्या. माल तळून आला की त्यातला एक चिप्स उचलायच्या, कानाशी न्यायच्या, डोळे मिटून मोडायच्या. आवाज मनासारखा आला की माल पाकिटात. नाहीतर, "अजून दमट हाय. फिरवा पुन्हा." मी बी.एस्सी. माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं. नमुना कुटायचा, तोलायचा, तापवायचा, परत तोलायचा. माझा निकाल लागेपर्यंत अक्कांचा चहा पिऊन झालेला असायचा. आणि माझा निकाल दर वेळी त्यांच्यासारखाच यायचा. त्यांचा कान एकदा तरी चुकावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. मालक माझ्या केबिनवरून सरळ पुढे जायचे आणि विचारायचे, "अक्का, आज कान क्या बोलता है?" यंत्र काय म्हणतं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

चिप्स म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी बसून गाजराच्या चकत्या कापतंय, पालक निवडतंय. आमच्याकडे विळीसुद्धा नव्हती. मक्याचं पीठ, बटाट्याची भुकटी, स्टार्च, मीठ. हे सगळं मळून मशीनमधून दाबून काढायचं, वाळवायचं, तळायचं आणि मसाल्याच्या ड्रममध्ये घोळवायचं. गाजर, बीट, पालक डब्यातून यायचे, वाळून भुकटी झालेले. तीही पडायची चिमूट-चिमूट. तळणीत तिचा रंग उडायचा, म्हणून शेजारी रंगाचे वेगळे डबे. पाकिटावर मात्र दव पडलेली पालकाची जुडी. अक्का ते पाकीट हातात धरून म्हणायच्या, "साहेब, ही भाजी नाय. भाजीचा फोटू हाय."

मी हसायचो, आणि आत जळायचो. हे वाक्य मला का सुचलं नाही?

शेवटी मी अक्कांची विद्या चोरायचं ठरवलं. गारखेड्याच्या घरी, आरशासमोर, कानाशी चिप्स मोडायला लागलो. बायको बघत होती. म्हणाली, "अहो, तोंड इकडं आहे." मसाल्याचं तिखट कानात गेलं आणि तीन दिवस कापसाचा बोळा घालून हिंडलो. अक्कांनी विचारलं, "कान दुखतो व्हय, साहेब?" मी म्हणालो, "वारा लागला."

तरी सोडलं नाही. त्या दिवशी पीठ मळायच्या खोलीत भुकटी आणि रंग टाकायला उभा होतो आणि खिशातले चिप्स एकेक मोडत होतो. त्या नादात हिरव्या रंगाचा डबा ओतला आणि पालकाचा राहिला. संध्याकाळी बघतो तर डबा सीलबंद! तोवर माल पॅकिंगच्या टेबलावर पोचला होता. हिरवागार, कुरकुरीत. मालक मूठभर तोंडात टाकून म्हणाले, "वा! आज पालक काय उतरलाय!"

अक्कांनी एक मोडला. मग दुसरा. मग तिसरा.

"मालक, ह्यात पालक नाय."

"काय अक्का! एवढे हिरवे तर आहेत."

"रंग हाय तो. पालक असला की आवाज जरा बसका येतो. हे नुसतं पीठ वाजतंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "यंत्राप्रमाणे सगळं बरोबर आहे." खोटं नव्हतं. यंत्र फक्त ओलावा मोजायचं.

अक्कांनी हातातला, पाकिटावर नाव मारायचा शिक्का टेबलावर ठेवला. "मग ह्याच्यावर पालकाचं नाव मी मारणार नाय."

ते नामांतराचे दिवस होते. अक्का पगार बुडवून मोर्चाला जायच्या. त्यांचे मालक, म्हणजे घरचे, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. शांतपणे म्हणाल्या, "विद्यापीठाच्या नावापायी आमची माणसं जेलात गेली. गावोगाव घरं जळाली. नाव म्हंजे काय असतं, आमाला ठावं हाय. खोटं नाव मारायला मला लावू नका."

"मग उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

माझा एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आलाही होता. पण तेवढ्यात मनात आलं, अक्का गेल्या की मालकांना माझ्याच केबिनमध्ये यावं लागेल. शब्द गिळला.

अक्कांनी जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि निघाल्या. पॅकिंगच्या सगळ्या बाया फाटकापर्यंत गेल्या, रडल्या. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. आपल्यासाठी एवढं कोण रडेल, याचा अंदाज घेत होतो. त्यातही जळत होतो, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांसमोर सगळं कबूल केलं. वाटलं, मला हाकलतील, अक्कांना परत आणतील. ते खो खो हसले. "म्हणजे पालक नसला तरी कुणाला कळत नाही? मग तो डबा आणायचाच कशाला?" त्या दिवसापासून पालक बंद. माझा घोटाळा कारखान्याची पाककृती झाला. पाठीवर थाप मिळाली. केबिनमध्ये मात्र मालक आलेच नाहीत. ज्यात काही नाही, त्यात तपासायचं काय?

पुढे बऱ्याच वर्षांनी, नामांतर होऊन गेल्यावर, छावणीच्या बाजारात अक्का दिसल्या. केस पांढरे, समोर परातीत तळलेल्या हिरव्या चकत्या. भाजी चिरून पिठात मळलेल्या, उन्हात वाळवलेल्या, घरच्या. भोवती गिऱ्हाइकांची गर्दी. मी जाऊन उभा राहिलो.

"अक्का, त्या दिवशी पालकाचा डबा माझ्याच हातून राहिला होता."

"ठावं हाय. खिशातून चिप्साचा चुरा सांडत व्हता तुमच्या."

"मग मालकांना सांगितलं का नाही?"

"वाटलं, तुमीच सांगाल."

अक्कांनी एक चकती पुढे केली. मी ती कानाशी नेली, डोळे मिटले, मोडली. आवाज जरा बसका आला. इतक्या वर्षांनी जमलं! सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वा अक्का! ह्यात मात्र पालक आहे. कानाला कळतं."

"मेथी हाय ती, साहेब."