आवाजात उजेड पाहिजे!

टेपरेकॉर्डरमध्ये फीत जिथं घासत जाते त्या हेडवर दर कॅसेटीमागं थोडी थोडी तपकिरी पूड बसत जाते. डोळ्याला दिसत नाही, पण बसते. माणिकराव मिस्त्रींच्या खोलीतले किस्से माझ्याकडं असेच साठलेत. त्या त्या वेळी वाटायचं, एवढंसंच तर झालं! आता बोट फिरवलं की बोट भरतंय.

माणिकराव म्हणजे आमच्या मुरुमचे रेडिओ दुरुस्त करणारे. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचा घाट घातलेला. कॅसेटी तेव्हा नव्या नव्या आल्या होत्या. चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी आपल्याच वस्तीच्या आवाजात भरायची, हा आम्हा चौघांचा नाद. इंदूआक्का गायच्या, रामभाऊ ढोलकी वाजवायचे, मी शाळेतला मास्तर, शाळा सुटली की पेटी घेऊन बसायचो. आणि माणिकराव कानाला हेडफोन लावून एकच म्हणायचे, "गुरुजी, आवाजात उजेड पाहिजे!"

*

पहिलंच रेकॉर्डिंग. कुणीतरी माणिकरावांना सांगितलं होतं, भिंतींना कापड लावल्याशिवाय आवाज साफ येत नाही. ह्या गड्यानं घरातल्या सातच्या सात गोधड्या खिळे ठोकून टांगल्या!

इंदूआक्कांचा आवाज म्हणजे खुरपायला गेल्या तरी तीन शेतं पलीकडं ऐकू येणारा. आक्का जीव तोडून गायल्या. टेप लावला. आणि आतून जो आवाज आला, तो धान्याच्या कणगीत कोंडलेल्या माणसाचा! ना वरचा सूर, ना शब्दाची धार.  आक्कांनी तर आयुष्यात पहिल्यांदाच टेपमधून स्वतःला ऐकलं होतं. बराच वेळ ऐकून त्या कळवळून म्हणाल्या,

"कोण बाई हाय ही? लई सर्दी झालीय की हिला!"

*

मग एकेक गोधडी उतरवायची आणि ऐकायचं, असं सुरू झालं. एक काढली, थोडा फरक. दोन काढल्या, आणखी. चौथी उतरली तसे आक्कांचे 'स' आणि 'श' वेगवेगळे कळायला लागले. पाचवीला तर माणिकराव उडालेच. "बास! आता काय हलवायचं न्हाय! दोन राहू द्या!"

माणिकरावांच्या पत्नी शांतावहिनी दारात उभ्या होत्या. आठ दिवस घरातली सगळी माणसं पोत्यावर झोपत होती. त्यांनी आत येऊन त्या दोन्ही ओढून काढल्या आणि म्हणाल्या, "आता गावा!"

आक्का गायल्या. ऐकलं. खोली थोडी घुमत होती, पण आवाज असा खुला की माणिकरावांनी हेडफोनच काढून ठेवला. मग म्हणाले, "हिला कुठं कळतंय रेडिओतलं?"

"रेडिओतलं न्हाय कळत," वहिनी घडी घालत म्हणाल्या, "थंडी कळती!"

*

वर्षभरात आवाज पुन्हा मळला. माणिकरावांनी माइकवर खापर फोडलं, मग कॅसेटीवर, मग रामभाऊंच्या श्वासावर. कारण प्रत्येक गाण्यात मागं 'फुस्स... फुस्स...' असं काहीतरी पुसटसं यायचं. रामभाऊंना दमा आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी स्वतः त्यांना अडुळशाचा काढा दिलेला! बिचाऱ्यांनी दोन हिवाळे तो कडू काढा नाक दाबून प्यायला.

एके दिवशी माणिकरावांनी टेप उघडला. हेडवर ही एवढी पूड! कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं, कापूस फिरवला, कॅसेट लावली. आणि आम्ही दचकलोच! पेटीच्या पट्टीवर बोट घासलेलं कळत होतं, आक्कांच्या बांगड्या कळत होत्या. आणि ते फुस्स फुस्स तर शेजारी बसल्यासारखं!

हे गाणं भरलं त्या दिवशी रामभाऊ आलेच नव्हते, हे आधी माणिकरावांच्या ध्यानात आलं. भरलेलं गाणं नुसत्या पेटीवरचं होतं.

माझ्या पेटीचा भाता फाटलेला! सात वर्षं!

दुसऱ्या दिवशी रामभाऊंच्या घरी गेलो, सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "गुरुजी, काढा तरी ग्वाड करून द्यायचा हुता!"

*

आक्कांचा 'प' आणि 'फ' माइकवर आदळायचा. माणिकरावांनी माइकला रुमाल बांधला तर आदळणं गेलं, पण उजेडही गेला. तेव्हा ते म्हणाले, "आक्का, जरा तोंड तिरकं करून गावा."

आक्का गाता गाता थांबल्या. चेहराच उतरला त्यांचा. "माणिकभाऊ, हे बाबांचं गाणं हाय. आमच्या आईबापानं खाली मान घालून जनम काढला. म्या तोंड फिरवून गाऊ?"

 माणिकराव उठले. आक्कांना जागचं हलवलं नाही. माइकच उचलला आणि त्यांच्या गालाच्या बाजूला, तिरका करून बांधला.

त्या दिवसासारखा 'प' पुन्हा कुणाचा भरला नाही.

*

सोसायटीचे चेअरमन एकदा भाषण भरायला आले. जीपवरून गावोगाव वाजवायचं होतं. माणिकरावांच्या दुकानाचा गाळा सोसायटीचाच, त्यामुळं खुर्ची पुसून, हेड पुसून, सगळी तयारी. चेअरमन जोरात बोलले. टेप लावला. "बंधू आणि कट् भगिनींनो, आपल्या कट् सहकाराच्या..."

"हे काय वाजतंय?" चेअरमन म्हणाले.

कवळी!  सांगणार कोण? माणिकराव म्हणाले, "साहेब, मशीन तापलंय." पुन्हा भरलं, पुन्हा कट् कट्. तेवढ्यात शांतावहिनींनी आतून तीन गोधड्या आणल्या आणि चेअरमनच्या तीन बाजूंनी धरायला लावल्या. एक मी धरली, एक रामभाऊंनी, एक त्यांनी स्वतः. आवाज पार कोंडला, आणि कवळी गायब!

चेअरमननी डोळे मिटून ऐकलं. "हां! हा माझा खरा आवाज!"

*

आणि मग तो उन्हाळा. विहिरींचे तळ दिसत होते. वस्तीतल्या बाया सकाळपासून टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायच्या. आक्कांची लेक बाळंत होऊन आठच दिवस झालेले आणि घरात लंगोट धुवायला पाणी नाही. घरामागं सोसायटीचं कंपाउंड. आत बोअर होती, पण 'बोअर आटली' म्हणून चेअरमननी फाटकाला कुलूप घातलेलं.

जयंतीला चार दिवस राहिले होते. भर दुपारी गाणं भरलं. माणिकरावांनी आवाजात मोकळी हवा यावी म्हणून एक जादा माइक घराच्या मागच्या खिडकीत टांगला. कडवं संपलं की सगळी वाद्यं थांबायची आणि मग आक्का एकट्या उचलायच्या, अशी ती चाल.

टेप लावला. पहिलं कडवं संपलं. वाद्यं थांबली.

खळखळ खळखळ खळखळ...

आमच्या कानात ढोलकी घुमत होती तेव्हा माइकनं हे ऐकलं होतं! कंपाउंडातल्या पंपाची धडधड आणि हौदात पडणारं पाणी. माणिकरावांनी कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली. तेच. 

"पुसून टाकू," माणिकराव पुटपुटले. "गाळा त्यांचा हाय, आक्का. पोटावर पाय येईल."

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "पुसायचं का न्हाय ते तुमी ठरवा," त्या म्हणाल्या. "मला फकस्त आणि एकदा ऐकवा."

जयंतीला मंडप दुकानासमोरच्या चौकात. चेअरमन पाहुणे म्हणून आलेले, हार घालून खुर्चीत बसलेले. उशीर झालेल्या टँकरची वाट बघत बाया घागरी घेऊनच मंडपात आलेल्या. माणिकरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आक्कांकडंही नाही. कॅसेट घातली आणि बारीक आवाज उठवणारं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पहिलं कडवं संपलं. दोन्ही कर्ण्यांतून सगळ्या चौकात पाणी पडायला लागलं.

बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. मग कुणीतरी कर्ण्याकडं बघायचं सोडून मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडं पाहिलं. आक्का उठल्या, घागर कमरेला लावली आणि चालायला लागल्या. मागोमाग दुसरी, तिसरी, मग सगळा मंडप बायकांचा रिकामा. फाटक वाजल्याचा आवाज आला. कुलूप उघडलं की तुटलं, मला आजही माहीत नाही.

चौकात उरलो आम्ही पुरुष. कुणी हलेना, कुणी खोकेना. आणि पाणी पडतच होतं. खळखळ, खळखळ, घागरीत भरत आल्यासारखं.

 चेअरमन माणिकरावांवर ओरडले, "बंद कर ती कॅसेट! आधी बंद कर!"

माणिकरावांनी टेपचं झाकण उघडून दाखवलं.

"साहेब, कॅसेट कवाच संपलीय."