खुंटी सोडली, मणी राखला

मोडलेलं बोट सरळ जुळावं म्हणून कधीकधी ते चौकटीत बसवून दोरीनं ताणून ठेवतात. असल्या चौकटी मी सांगलीत बनवतो. ताण अधूनमधून बदलावा लागतो, आणि स्क्रू जरा जास्त फिरला की पेशंट बोंब मारतो. म्हणून मी मिरजेच्या तंबोऱ्याकडून दोन गोष्टी उचलल्या. दोरी ताणणारी खुंटी, आणि तो ताण केसभर कमीजास्त करणारा, सरकता मणी.

पहिला नमुना मिरजेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी वापरला. पेशंट गप्प बसला. डॉक्टर म्हणाले, "अहो, हे तर मलाही सुचलं असतं." ते वाक्य अजून टोचतं.

मी तडक पेटंटच्या मागे लागलो. विश्रामबागेतल्या वकीलबाई म्हणाल्या, "खुंटी आणि मणी मिळून मागा." पण पहिला भाव चढाच सांगायची माझी सवय. मी नुसत्या खुंटीवरच हक्क मागितला, म्हणजे खुंटी लावलेली कुठलीही चौकट माझीच; मणी अर्जात दुय्यम मुद्दा म्हणून मागे जोडून दिला.

सुनावणी घरी, लॅपटॉपवर झाली. पेटंट कार्यालयातले साहेब शांतपणे म्हणाले, "चौकट जुनी, खुंटी जुनी. या धंद्यातल्या जाणकाराला दोन्ही जोडणं सहज सुचेल. यात शोध कुठला?"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, मिरजेत दवाखाने आणि तंबोऱ्याची दुकानं हाकेच्या अंतरावर हायत! डॉक्टर मैफलीत पुढच्या रांगेत बसून खुंट्या बघतात. सहज होतं, तर आजवर सुचलं का न्हाई कुणाला?"

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आवं, हळू! साहेब हायत ते, भंगारवाला न्हाई!"

साहेबांनी ते ऐकलं असावं. हसू दाबत म्हणाले, "खुंटी कुणीही लावेल. मणी कशाला?"

"खुंटीनं ताण एकदम वाढतो. मणी पेशंट स्वतः सरकवतो, सोसेल तेवढाच."

"हे मात्र आधी कुणी केलेलं किंवा सुचवलेलं दिसत नाही. मण्यासकट असेल तर बघू."

"नुसती खुंटी जमत नाही का, साहेब? जरा बघा की."

"नाही."

समोरचा आता हलणार नाही, हे मला आवाजावरून कळतं. खुंटी सोडली. पेटंट मिळालं ते जोडीचं. नुसत्या खुंटीच्या स्वस्त चौकटी लगेच बाजारात आल्या, आणि मिरजेच्या त्या डॉक्टरांनीही त्याच घेतल्या.

थोड्या दिवसांनी त्यांचा फोन. "पेशंट फार ओरडतात हो. तुमचा तो मणी नुसता मिळेल का?"

"तुम्हाला सुचेल की काहीतरी," म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी माल पाठवला. मणी सुटा नाही, अख्ख्या चौकटी. भाव चढाच लावला, आणि या वेळी एक पैसाही उतरलो नाही.