बसूच्या सात कार्ट्रिजबद्दल

बसूची शेवटची गाणी आता कुठेच नाहीत. ती माझ्या हातून पुसली गेली.

हे लिहायची इच्छा नव्हती. पण आठवडाभर त्याच्या पेजवर लोक विचारताहेत, शेवटची गाणी कधी टाकणार? एकाने लिहिलं, घरच्यांनी दाबून ठेवलीत. काल एकाने त्याच्या दोस्तावर, मेहबूबभाईंवर, संशय घेतला. म्हणून लिहिते.

आज त्याला जाऊन तीन महिने झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बसवराज माझा धाकटा भाऊ. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात त्याने उभा जन्म डिझाइनचे ग्राफ भरले. कागदावर एकेक चौकट रंगवायची, मग मागावर मोर उमटतो.

बाकीचा वेळ त्याचं वेड. हातात धरून खेळायचे जुने, बंद पडलेले व्हिडिओ गेम भंगारातून आणायचे. उघडायचे, साफ करायचे, स्क्रीनमागे लाइट बसवायचा, आवाज स्वच्छ बाहेर यावा म्हणून नवा जॅक टाकायचा. त्यात एक खास कार्ट्रिज, म्हणजे खेळाची छोटी वडी, घातलं की खेळाच्या जागी चौकटी यायच्या. त्या चौकटींत सूर भरायचे; गाणं त्या कार्ट्रिजमध्येच राहायचं.

"ग्राफच हाय की अक्का," म्हणायचा. "फक्त हितं मोर वाजतो."

मी म्हणायचे, "पन्नाशीत खेळणी. लोक हसतात."

"हसू दे की. बंगळूरला कार्यक्रमात लोक ह्याच्यावर नाचतात."

शेवटचे आठ महिने डायलिसिस. आठवड्यातून तीनदा मीच रिक्षाने न्यायचे. चार तास खुर्चीत. एका हाताला सुया, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गाणं चालू.

एकदा कानावरचा हेडफोन काढून त्याने माझ्यापुढे धरला.

"अक्का, ऐक की. तुझंच हाय."

"घरी गेल्यावर."

मी रिपोर्ट फाइलला लावत होते. घरी गेल्यावर तो झोपला. मी परत विचारलं नाही. त्यानेही परत धरला नाही.

आता मूळ गोष्ट.

आमच्या घरात नियम आहे. वापरात नसलेल्या वस्तूतले सेल काढून ठेवायचे. सेल गळून अण्णांचा ट्रान्झिस्टर गेला, तेव्हापासूनचा. घड्याळ असो, टॉर्च असो.

पाहुणे गेल्यावर मी बसूची खोली आवरायला घेतली. सगळ्या यंत्रांतले सेल काढले. मग कार्ट्रिज. त्यांच्या आत बटणासारखा एक सेल असतो, हे मी त्याला बदलताना पाहिलं होतं. पटकन निघावा म्हणून त्यानेच आत क्लिप बसवली होती.

त्याच्याच स्क्रूड्रायव्हरने सातही उघडली. सेल काढून डबीत ठेवले. डबीवर चिठ्ठी लावली.

बरं वाटलं. त्याच्या वस्तू नीट राहतील असं वाटलं.

चार दिवसांनी मेहबूबभाई आले. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात, बसूचे वीस वर्षांचे दोस्त. गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती. त्यांनी पहिलं कार्ट्रिज लावलं.

चौकटी आल्या. रिकाम्या.

दुसरं लावलं. तिसरं.

"अक्का, इसके सेल तुमे निकाले क्या?"

"हो. गळतात म्हणून. डबीत आहेत, देते."

त्यांनी तिसरं कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवलं.

"उसीच सेल पे सब था, अक्का."

"मग परत बसवू या."

"अब बसाके फायदा नै. सेल निकला के सब गया. बसू पैले गाने उतार लेता था, फिर सेल बदलता था."

तरी त्यांनी उरलेली चारही लावून पाहिली. एकेक, सावकाश. मी उभीच होते. चहा तसाच राहिला.

आठ महिन्यांचं काम. दुसरी प्रत नाही. तब्येत बरी झाली की उतरवतो, असं तो मेहबूबभाईंना म्हणत आला होता.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. सेल कशासाठी आहे एवढा प्रश्न मला पडायला हवा होता. मेहबूबभाईंना एक फोन करायचा होता. केला नाही, कारण आवरायचं कसं ते मला कळतं, असं मला आयुष्यभर वाटत आलं.

खाली "तुमची चूक नाही" असं कोणी लिहू नये. चूक माझी आहे. मेहबूबभाईंना एक शब्द बोलू नये. काय बोलायचं ते मला बोला.

ज्यांच्याकडे त्याची जुनी रेकॉर्डिंग आहेत, त्यांनी दोन-दोन ठिकाणी ठेवा. तेवढीच उरली आहेत.

बसू, नीट जा.

आज सकाळी मेहबूबभाईंच्या स्वाधीन केलं, दोघांच्या सह्यांनिशी:

चालू यंत्रं, अकरा.
बंद यंत्रं, चार. सुटे भाग वापरावेत.
सोल्डरिंगचं सामान, एक पेटी.
हेडफोन, एक.
कार्ट्रिज, सात. रिकामी. सेल बसवून दिले आहेत.