मोजणीकाकांची बरोबर मोजणी

मोजणीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. भूमापन खात्यात छत्तीस वर्षं टेप घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाले, पण मोजायची खोड गेली नाही. जिना चढताना पायऱ्या मोजणार, रांगेत उभे राहिले की पुढची डोकी मोजणार. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून पडले असताना छताच्या फरश्या मोजल्या, आणि एक फरशी वाकडी बसलीय हे गुळणी करायच्या आधी डॉक्टरांना सांगितलं. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. असा माणूस दिसला की चार लोक त्याला धरून कुठल्यातरी संघाचा सचिव करून टाकतात. काकांचंही तेच झालं.

रहिवासी संघाचं कार्यालय म्हणजे औषधाच्या दुकानामागची खोली. खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर बसून सभा व्हायची. औषधवाले अध्यक्ष, कारण खोली त्यांची. समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाई उपाध्यक्ष, कारण बोलण्यात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. आणि सगळी कामं सचिवांकडे, कारण ते नाही म्हणत नसत. बंद पडलेले दिवे, तुंबलेली गटारं, बागेतली मोडकी बाकं, सगळ्याचे अर्ज काकांच्या हातचे. पण एक अर्ज त्यांचा स्वतःच्या जिवाचा होता.

दोन वर्षांपूर्वी काकूंची उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात अर्धा आला, पाय ओढत ओढत आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज मोकळ्यावर चालायचं, नाहीतर आहे तोही पाय जाईल. चालायला जागा एकच, रस्त्यापलीकडची बाग. बागेची एक फेरी दोनशे दहा पावलांची. रस्ता नऊ मीटरचा. तो ओलांडायला काकूंना छत्तीस सेकंद लागत, आणि दोन गाड्यांमधली मोठ्यात मोठी फट असायची आठ सेकंदांची. हे सगळं अर्थातच काकांनी मोजलेलं. रोज ते एका हाताने काकूंना धरत, दुसरा हात वर करत आणि हॉर्न नि शिव्या खात पलीकडे जात. त्यांचं स्वतःचं वय चौऱ्याहत्तर होतं. उद्या आपण पडलो तर हिला पलीकडे कोण नेणार, हा घोर त्यांना रात्रंदिवस लागलेला असे.

म्हणून पादचाऱ्यांसाठी सिग्नल हवा होता. पालिकेच्या रस्ते खात्याकडे दोन अर्ज गेले, उत्तर नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तर म्हणून एक फॉर्म आला. सात दिवस, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मोजणी करावी. रकाने दोन: किती गाड्या गेल्या, किती माणसांनी रस्ता ओलांडला. शिवाय बागेचा नकाशा जोडावा, कारण खात्याकडचा सापडत नाही. दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. काकांचा चेहरा मात्र उजळला. "हे आपलं काम," ते म्हणाले.

औषधाच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून ते सात दिवस बसले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. डोळा रस्त्यावरून हलू दिला नाही. काकूंना धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्या आठवड्यात त्या एकट्याच काठी टेकत यायच्या. फुटपाथच्या कडेला थांबायच्या, काकांकडे बघायच्या. काका एक बोट वर करायचे, म्हणजे थांब, तास संपायचाय. थोडा वेळ उभ्या राहून, गाड्यांकडे बघून त्या घराकडे वळायच्या.

शेवटच्या दिवशी शिंपीणबाईंनी वहीत डोकावून पाहिलं. तासाला गाड्या सरासरी अकराशे चौसष्ट. ओलांडणारे एकोणीस.

"काका, एकोणीसवर कोण सिग्नल देणार? दोनशे लिहा. कोण बघायला येतंय?"

"ज्यांनी ओलांडला तेवढीच माणसं लिहायची. फॉर्मवर तसं छापलंय."

"फॉर्मवर काय, काहीही छापतात."

"बाई, मोजणी म्हणजे मोजणी."

बागेचा नकाशा त्यांनी जेवणाच्या टेबलावर तीन दिवस खपून काढला. प्रत्येक झाड, प्रत्येक बाक, कुंपणाचा प्रत्येक कोन. असा नकाशा खात्यात कुणी वर्षानुवर्षं पाहिला नसेल.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. सभेत औषधवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं. तासाला किमान तीस पादचारी नसल्याने सिग्नल देता येत नाही. मात्र गाड्यांची संख्या हजाराच्या वर असल्याने रस्ता रुंद करणे आवश्यक ठरते. त्यासाठी बागेच्या बाजूची जागा घेण्यात येईल. हरकती असल्यास सुनावणीस यावे. सोबत नकाशा होता. काकांचाच नकाशा, त्यावर लाल शाईने एक रेघ मारलेली. चौदा मीटर रुंदीच्या बागेतली नऊ मीटर रस्त्यात जात होती. खाली कोपऱ्यात काकांच्या अक्षरात लिहिलेलं तसंच होतं: मोजणी व आरेखन, सचिव.

 आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा पाडणारा माणूस समोर खोक्यावर मान खाली घालून बसला होता.

सुनावणीचे साहेब वयाने लहान होते आणि मनाने वाईट नव्हते. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून काकांना म्हणाले, "काका, मोजणीत चूक झाली असं तुम्ही सांगितलंत, तर मला फेरमोजणी लावता येते. त्यात वर्ष जाईल, कदाचित दोन. तेवढ्यात वरचे लोक बदलतात, योजना बदलतात."

साहेबांनी दार उघडून दिलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. शिंपीणबाईंनी काकांच्या कोपराला हळूच ढोसलं.

काकांच्या नोकरीच्या छत्तीस वर्षांत भावाभावांची डोकी फुटली होती, लोकांनी त्यांना धमक्या दिल्या होत्या, पायही धरले होते, पण त्यांचा टेप वीतभर इकडचा तिकडे सरकला नव्हता. त्यांच्याकडे तेवढं एकच होतं. कुणी म्हणेल, म्हातारा खुळा. खुशाल म्हणा, मलाही तो त्या दिवशी खुळाच वाटला होता.

"मोजणी बरोबर आहे," काका म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. सुनावणी संपली. परत येताना शिंपीणबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शिंपीणबाई गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही.

घरी काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांचे शब्द अजून सावकाश येत.

"काय झालं?"

"बाग जाणार."

"आणि सिग्नल?"

"ओलांडणारे एकोणीसच भरले ना. एवढ्यावर देत नाहीत."

काकूंनी विचारलं, "त्या एकोणिसांत मी आहे?"

"तू कशी असशील? तू ओलांडलास कुठे? परत फिरायचीस."

"का फिरायची मी?"

काकांनी हातातली नकाशाची गुंडाळी टेबलावर ठेवली.

"अहो, मी रोज यायची," काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "सकाळी आणि संध्याकाळी. तुम्ही बोट वर करायचात."

 काकांनी वही काढली, पट्टी घेतली आणि दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा आखला. वर लिहिलं, परत फिरलेले. पहिल्या काकू: चौदा वेळा. मग बाकीचे आठवू लागले. बाबागाडी घेऊन येणारी ती पोरगेली आई. कुबड्यांवरचा इस्त्रीवाला. निवृत्त मास्तरीणबाई, ज्या दहा मिनिटं उभ्या राहून शेवटी तिथल्या तिथेच फेऱ्या मारायच्या. त्यांना सगळे आठवले, कारण सगळे दिसले होते. दिसले होते आणि लिहिले नव्हते, कारण ज्यांना ओलांडताच येत नव्हतं त्यांच्यासाठी फॉर्मवर जागा नव्हती. रेघा मारता मारता पान भरलं, उलटलं, दुसरं भरलं. आकडा दोनशेच्या पुढे गेला, म्हणजे एकोणिसांत मिळवून तासाला तिसाच्या वर. मोजणी खरोखरच चुकली होती, आणि ती बरोबर आहे असं ते दुपारीच साहेबांना सांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी पालिकेचं कार्यालय उघडायच्या आधी ते दारात उभे होते. कारकुनाने वही उलटसुलट करून पाहिली. "सुनावणी काल संपली, आजोबा. आणि असा रकाना फॉर्ममध्ये नाही." तरी त्याने पोच म्हणून शिक्का मारून दिला. तेवढंच त्याच्या हातात होतं.

बाग गेली. उरलेल्या पट्टीत एक बाक आहे आणि त्यावर कुणी बसत नाही. रस्ता आता अठरा मीटरचा झालाय आणि गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जातात. काकूंना पलीकडे नेण्याचा विषयच संपला.

त्या आता घरातच चालतात, पलंगापासून दारापर्यंत. काका मागून हात धरून मोजतात. सुरुवातीला चाळीस पावलं व्हायची, मग तीस, हिवाळा संपेपर्यंत बारा. हल्ली पाचव्या-सहाव्या पावलाला पाय दुमडतो आणि त्यांना खुर्चीत बसवावं लागतं.

"आज किती झाली हो?" काकू धापा टाकत विचारतात.

"वीस," काका सांगतात.

लग्नाआधी काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्या मान हलवतात आणि पाणी मागतात.